बुंदीचं कातडं

बुंदी अडीच महिन्यांची असताना तिच्या खांद्यावरचं कातडं पहिल्यांदा फाटलं. सोफ्याखाली गेलेला चेंडू काढायला ती आत घुसली आणि बाहेर येताना लाकडी पट्टीच्या कडेला घासली, एवढंच निमित्त. ओरडलीसुद्धा नाही. रक्तही जेमतेम आलं. पण चार बोटं लांबीची जखम उघडून आतलं गुलाबी मांस दिसत होतं, आणि ही चेंडू तोंडात धरून शेपूट हलवत उभी.

लॅब्रडॉरचं पिल्लू. पुण्याजवळच्या एका ब्रीडरकडून आणलेलं, केनेल क्लबचे कागद असलेलं, आई डोळ्यांनी बघून घेतलेलं. आमच्या साताऱ्याच्या घरात आल्यापासून खात होती, खेळत होती, वजन वाढत होतं. आजारी दिसावं असं तिच्यात काही नव्हतं.

जवळच्या दवाखान्यात टाके घातले. दुसऱ्या दिवशी बघतो तर दोरा आपल्या जागी घट्ट आणि कातडं दोऱ्यावरच चिरत जाऊन पुन्हा उघडं पडलेलं. परत टाके घातले, परत तेच झालं. डॉक्टरांना वाटलं, जखमेला तोंड लागू नये म्हणून गळ्यात घातलेला कोन काढून पिल्लू जखम ओढत असावं. तसं होत नव्हतं, कारण मी रात्रभर तिच्याजवळ बसून होते. जखम कशीबशी भरत आली तोवर लसीची तारीख आली. मानेवर जिथे सुई टोचली तिथे संध्याकाळपर्यंत रक्त साकळून मोठी गाठ झाली. ती बसते न बसते तोच मांडीचं कातडं फाटलं. या खेपेला तर आमच्या धाकटीने तिला फक्त उचलून कडेवर घेतलं होतं.

त्या दिवशी नेहमीचे डॉक्टर नव्हते म्हणून दुसरीकडे गेलो. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने जखमा बघितल्या, जुने व्रण बघितले, आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “ताई, घरात कुणी मारतं का हो हिला?” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिचा राग मला आजही येत नाही. एका लहान पिल्लाच्या अंगावर पुन्हापुन्हा जखमा दिसतात, घरची माणसं “नुसतं घासलं” म्हणतात, अशा वेळी हा प्रश्न विचारायलाच हवा. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती बराच वेळ बुंदीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, “मग हे शिरवळला दाखवा. मला एक शंका येतेय, पण त्यांनी बघितलेलं बरं.”

तशीच शंका आमच्या सासूबाईंनी आधीच बोलून दाखवली होती. त्यांचं माहेर पाटण तालुक्यातलं, सगळं आयुष्य म्हशी-वासरांत गेलेलं. बुंदीला पुसताना त्या म्हणाल्या होत्या, “हिचं कातडं अंगाला धरूनच नाही गं.” पिल्लांचं कातडं सैल असतंच, असं मी त्यांना म्हणाले होते, आणि ते खरंही आहे. लॅब्रडॉरच्या कुठल्याही पिल्लाच्या मानेला धरा, मूठभर कातडं हातात येतं. फसगत होते ती इथेच. बुंदीच्या मानेलाच नाही, कमरेवरही ते तसंच वर येत होतं, सोडलं की झटकन जागेवर जात होतं, आणि बोटांना नको इतकं मऊ लागत होतं.

साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा ओलांडला की शिरवळ. तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सकाळीच केसपेपर काढला. आमच्या पुढे एक गाभण शेळी, मागे पाय मोडलेलं वासरू. आमचा नंबर आला तेव्हा टेबलाभोवती विद्यार्थी जमलेले होते. सरांनी आधी मलाच सगळं बोलायला लावलं, मधे तोडलं नाही. मग त्यांनी खिशातून शिंप्याची असते तशी टेप काढली. मला वाटलं होतं रक्त, एक्स-रे, काहीतरी यंत्र. निदानाची सुरुवात टेपने झाली.

ही मोजणी मी इथे नीट लिहून ठेवते, कारण कुणालाही कळेल इतकी ती सोपी आहे. कुत्र्याला उभं करायचं. कमरेवरचं कातडं दोन बोटांच्या चिमटीत धरून, त्याला दुखणार नाही इतपतच वर उचलायचं आणि त्या घडीची उंची मोजायची. मग डोक्याच्या मागच्या बाजूला हाताला जो उंचवटा लागतो तिथपासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजायची. उंचीला लांबीने भागून शंभरने गुणायचं. कुत्र्यांमध्ये हा आकडा १४.५ टक्क्यांच्या वर गेला तर कातडं रोगट ताणलं जातंय असं धरतात. मांजरांसाठी ही मर्यादा १९ आहे. बुंदीची लांबी ४० सेंटीमीटर, घडी ९ सेंटीमीटर. सरांनी एका विद्यार्थ्याला हिशेब करायला सांगितलं. “साडेबावीस, सर.” खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही.

ज्यांच्या पिल्लाचं कातडं आधीच फाटलेलं आहे, त्यांनी मात्र हे घरी करून बघू नये. ओढताना आणखी एक जखम व्हायची. डॉक्टरांना “टेप लावून बघता का” एवढं विचारलं तरी पुरे.

सरांनी मग तिचे पंजे वाकवून बघितले. मनगट नको इतकं मागे जात होतं. डोळ्यांत बॅटरी मारून भिंग जागेवर आहे का ते पाहिलं, कारण अशा कुत्र्यांमध्ये कधीकधी डोळ्यातलं भिंगही सुटतं. दात बघितले, हाड कधी मोडलंय का विचारलं. तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. नंतर समजलं की संयोजी ऊतींचे, म्हणजे शरीराला बांधून धरणाऱ्या ऊतींचे, आनुवंशिक आजार एकाच तऱ्हेचे नसतात. डॅशहुंड पिल्लांमध्ये एक आजार आहे, त्यात दात पातळ आणि पारदर्शक होतात, हाडं काडीसारखी मोडतात. त्याचं जनुक २००९ साली सापडलं आहे. बुंदीचे दात धडधाकट होते, हाडंही. तिचा बिघाड कातड्यात आणि सांध्यांत होता.

सरांनी आजाराचं नाव सांगितलं: एहलर्स-डॅनलोस सिंड्रोम. माणसांमध्येही हाच गट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका डॅनिश आणि एका फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने रुग्णांचं वर्णन केलं, त्यांची नावं जोडून हे नाव पडलं. कुत्र्यांतले रुग्ण विसाव्या शतकाच्या मध्यापासून नोंदले जात आहेत. म्हणजे आजार माहीत आहे, पण इतका विरळा की रोज शंभर जनावरं बघणाऱ्या डॉक्टरालाही उभ्या आयुष्यात कदाचित एखादंच दिसावं. पहिल्या डॉक्टरांना ओळखू आलं नाही यात मला नवल वाटत नाही.

बिघडतं काय, हे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं तेव्हा मलाही समजलं. कातड्याची ताकद कोलॅजेन नावाच्या प्रथिनात असते. सुंभ वळताना काथ्याच्या बारीक धाग्यांना पीळ देत देत दोर होतो, तसे कोलॅजेनचे तंतू एकमेकांत गुंफून कातड्याला ताण सहन करायची ताकद देतात. त्यातला बहुतेक भाग पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनचा. पाचव्या प्रकारचं अगदी थोडं असतं, पण तंतू किती जाड व्हावेत, कसे रचले जावेत यावर त्याचं नियंत्रण असतं. ते कमी पडलं की तंतू कुठे जाड, कुठे बारीक, कुठे गोळा झालेले. बाहेरून कातडं तसंच दिसतं. ताण आला की मात्र टिकत नाही.

कातड्याचा छोटा गोल तुकडा काढून तपासायला पाठवायचं ठरलं. त्यासाठीही आम्ही घाबरलो होतो, पण ती जागा सरांनी स्वतः शिवली. अहवाल येण्याआधीच त्यांनी बजावलं, “सूक्ष्मदर्शकाखाली सगळं नॉर्मल दिसलं तरी आजार नाही असं समजू नका. कधीकधी दिसत नाही.” आमच्या अहवालात दिसलं. मॅसन ट्रायक्रोम नावाचा एक रंग देतात, त्यात कोलॅजेन निळं दिसतं. बुंदीच्या तुकड्यात निळ्या तंतूंच्या मधूनमधून लाल पट्टे होते आणि तंतू तुटक, विस्कळीत होते.

पुढचा प्रश्न जनुकांचा. यात माझे बरेच दिवस गेले, आणि ब्रीडरशी बोलताना याच माहितीचा उपयोग झाला. गालाच्या आतून बोळा फिरवून पाठवायची चाचणी आपण विकत घेऊ शकतो, त्यात पुष्कळ आनुवंशिक आजार एका फटक्यात बघतात. मी ती मागवणार होते. सरांनी थांबवलं. त्या यादीत आधी सापडलेले ठरावीक बदलच शोधले जातात. बुंदीमध्ये वेगळाच बदल असेल तर कागदावर सगळं ठीक लिहून येईल आणि आपण उगाच निश्चिंत होऊ. खरं शोधायचं तर तिचा सगळा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचायला हवा, आणि ते आमच्या आवाक्याबाहेरचं.

२०१९ साली कुत्र्यांमध्ये या आजाराची जनुकं हाती लागली. त्यातल्या दोन शोधांवरून सरांनी मला फरक समजावला. एक डोबरमनमधला. तिथे एडीएएमटीएस२ हे जनुक बिघडलेलं होतं. बेल्जियममधल्या वासरांत असाच कातडं फाटण्याचा आजार आहे, त्यातही तेच जनुक. हा प्रकार अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच पिल्लू आजारी. आई-बाप स्वतः ठणठणीत दिसतात, आणि जवळच्या नात्यात पैदास केली की अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. दुसरा शोध सीओएल५ए१ या जनुकातला, पाचव्या प्रकारच्या कोलॅजेनशी संबंधित. तिथे एकच बिघडलेली प्रत पुरते, आणि ज्या दोन कुत्र्यांत तो सापडला त्या दोघांतही बदल नव्यानेच झालेला होता, आई-बापांकडून आलेला नव्हता.

हे कळल्यावर माझा राग थोडा निवळला. तोवर मी मनाशी पक्कं धरलं होतं की ब्रीडरने भावा-बहिणीतच पैदास केली असणार. कदाचित केलीही असेल. पण बुंदीचा आजार पहिल्या प्रकारचा की दुसऱ्या, हे सांगायला आमच्याकडे पुरावा नव्हता. जातिवंत कुत्र्याला काही झालं की थेट पैदाशीवर खापर फोडायची आपल्याला सवय आहे. बऱ्याच आजारांत ते बरोबरही असतं. इथे मात्र त्या आईलाच जाऊन बघणं हा एक मार्ग उरत होता.

ब्रीडरला फोन केला तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, “मॅडम, परत आणा, दुसरं पिल्लू देतो.” बुंदी माझ्या पायाशी झोपली होती. मी सांगितलं की परत करायला फोन केलेला नाही. मला तीन गोष्टी हव्या होत्या: तिच्या आईचं कातडं तपासू द्या, त्याच वेतातली बाकीची पिल्लं ज्यांच्याकडे गेली त्यांना कळवा, आणि तोवर ती जोडी पुन्हा लावू नका. ते चिडले, मग गप्प झाले, फोन ठेवला. काही आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. आईला त्यांच्या डॉक्टरांनी मोजलं होतं. आकडा नेहमीसारखा होता. पिल्लांपैकी ज्यांच्याशी संपर्क झाला त्यांच्यात कुणाला असलं काही नव्हतं. अप्रभावी प्रकारातही आई ठणठणीतच दिसते, त्यामुळे खात्री नाही; पण बदल नव्याने झाला असावा असं सरांना वाटतं. तरी ती जोडी मी पुन्हा लावणार नाही, असं ब्रीडर स्वतःहून म्हणाले. मी त्यांचे मनापासून आभार मानले.

याच काळात ओळखीच्या एका डॉक्टरांनी सल्ला दिला होता: कायमचं झोपवून टाका, जन्मभर जखमा शिवत बसाल. मी हा सल्ला धुडकावून लावला असं म्हणणार नाही, त्यावर रात्री जागून विचार केला. बुंदीला वेदना किती आहेत, हाच माझा निकष होता. ती खात होती, धावत होती, जखम झाली तरी शेपूट हलवत होती. सांधे इतके सैल असते की चालणंच दुखावं, किंवा आठवड्याला नवी जखम झाली असती, तर मी वेगळा निर्णय घेतला असता. अशी पिल्लंही असतात, आणि त्यांच्या घरच्यांनी ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांना मी नावं ठेवणार नाही.

मग घर बदलायला घेतलं. हा आजार बरा करणारं औषध नाही. उपचार करायचा तो घराच्या कडा-कोपऱ्यांवर. मी गुडघ्यावर बसून, बुंदीच्या उंचीवरून सगळं घर हाताने चाचपलं. ओट्याखालच्या कडप्प्याची उघडी कड, दाराच्या चौकटीतला वर आलेला खिळा, लोखंडी कपाटाचा कोपरा, अंगणातल्या शहाबादीची तुटकी फरशी, तुळशीजवळची कोरांटी. जिथे रबराची पट्टी बसली तिथे ती बसवली, जिथे नाही तिथे जुन्या गोधड्यांचे तुकडे बांधले. काथ्याचं पायपुसणं गेलं. सोफ्याखालची जागा फळी लावून बंद केली. झोपायला सासूबाईंनी जाड गोधडी शिवली, कारण कठीण फरशीवर कोपरं टेकून टेकून अशा कुत्र्यांच्या कोपरांवर पाणी साठून फुगे येतात.

गळपट्टा बंद. छातीभर रुंद, मऊ अस्तराचा पट्टा शिंप्याकडून शिवून घेतला. त्याच्याचकडून होजिअरी कापडाचे दोन अंगरखे, पोटाखाली नाडीने बांधायचे. बाहेर जाताना आणि पाहुणे येताना ते घालायचे. नखं आठवड्याला कापायची, कारण तिचं कातडं जास्त वेळा फाडतात तिची स्वतःचीच नखं. म्हणूनच गोचीड आणि पिसवा हा आमच्यासाठी साधा विषय राहिला नाही. एक गोचीड, एक खाजवणं, एक जखम. त्याचं औषध कधी चुकवत नाही. वजन आटोक्यात, कारण सैल सांध्यांवर जादा भार नको. लॅब्रडॉर म्हणजे कायम भुकेली, त्यामुळे हे सगळ्यात कठीण काम, आणि घरातल्या प्रत्येकाने पाळायचं. दुसऱ्या कुत्र्यांशी झोंबाझोंबी नाही. याचं मला सर्वांत वाईट वाटतं. शेजारचा मोती फाटकाशी येऊन बसतो, दोघं जाळीतून एकमेकांना हुंगतात. तेवढंच.

क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही सुरू आहेत. कोलॅजेन तयार व्हायला ते लागतं, म्हणून देतात. कुत्र्याचं यकृत ते स्वतः बनवतं, त्यामुळे वरून देऊन किती उपयोग होतो याचा पुरावा तुटपुंजा आहे, हे सरांनी लपवलं नाही. अपाय नाही म्हणून देते. यापेक्षा जास्त आशा त्यावर ठेवत नाही.

दवाखान्यात जाताना बुंदीच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, कारण घाईच्या वेळी तोंडी सांगितलेलं राहून जातं. सर्वांत बारीक सुई. टोचल्यावर त्या जागी बोटाने बराच वेळ दाबून धरायचं. रक्त मानेच्या शिरेतून काढायचं नाही, पायातून काढायचं आणि लगेच पट्टी गुंडाळायची. कातड्यावर थेट चिकटपट्टी कधीच नाही. काढताना पट्टीबरोबर कातडंही येतं. केस काढायचे तर यंत्र दाबून फिरवायचं नाही. मानेला धरून उचलायचं नाही. लहानसहान जखमेला आता दर वेळी टाके घालत नाहीत. स्वच्छ करून, कडा जवळ आणून, न चिकटणारी जाळी ठेवून वरून मऊ पट्टी बांधतात. तिच्या जखमा भरतात, ही समाधानाची गोष्ट. भरल्यावर व्रण मात्र पातळ आणि चकचकीत राहतो, त्यावर केस येत नाहीत, आणि पुढची फाट तिथेच पडू शकते.

सर्वांत मोठा प्रसंग नसबंदीचा. तो टाळावा असं मला वाटत होतं, कारण पोट उघडायचं म्हणजे प्रत्येक थरातून ते नाजूक कापड पुन्हा शिवायचं. पण सरांचं म्हणणं पटलं. आजार एका प्रतीने होणारा असेल तर तिच्या पिल्लांपैकी निम्म्यांना तो मिळायची शक्यता, शिवाय तिच्या शरीराला गाभणपण आणि प्रसूतीचा ताण झेपण्याची खात्री नाही, आणि नसबंदी न केलेल्या मादीला पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका असतोच. पहिली पाळी येऊन गेली, त्या दिवसांत तिला घरात अगदी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं, आणि मग तारीख घेतली.

सलाइनची सुई चिकटपट्टीशिवाय, नुसत्या गुंडाळपट्टीने बसवली. शस्त्रक्रियेला नेहमीपेक्षा खूप वेळ लागला. आतले थर एकेक करून शिवले, ताण एकाच जागी येऊ नये म्हणून टाके कडेपासून लांबून घेतले. बाहेरचे टाके नेहमीच्या मुदतीपेक्षा बरेच जास्त दिवस ठेवले. घरी आणल्यावर आम्ही दिवाणखान्यात खाली अंथरूण घातलं आणि पाळीपाळीने तिच्याजवळ झोपलो, कारण तिला उडी मारू द्यायची नव्हती. एका कडेचे दोन टाके सैल पडले, पण आतला थर टिकला. टाके काढले तेव्हा तीच तरुण डॉक्टर मुलगी सोबत होती, जिने मला पहिल्यांदा तो अवघड प्रश्न विचारला होता. आता तिच्या दवाखान्यात पहिल्या लसीला येणाऱ्या पिल्लाचं कातडं कमरेवर उचलून बघितलं जातं आणि शंका आली की टेप लागते. त्याला मिनिटभरही लागत नाही.